मिडलसेक्सचा तारा

हॅरो, लंडन
१२ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा १४ एप्रिल. १९४४ साली व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना सलामी द्यायला तू भायखळ्याला उभा असशील. मी इथे त्याच काळातला एक बॅज समोर घेऊन बसलोय. दुसऱ्यांच्या टोप्यांवरचे बॅज जमवून काय मिळतं, असं तू दर फोनला विचारतोस. आज नीट सांगतो.

बॅज म्हणजे आठ टोकांचा तारा, मधे एन.एफ.एस. ही अक्षरं. नॅशनल फायर सर्व्हिस. त्याआधी ब्रिटनमध्ये गावोगावची वेगळी दलं होती, सोळाशेच्या आसपास. बॉम्बहल्ल्यांत एका गावचे बंब दुसऱ्या गावी धावून जायचे आणि होजचं तोंड तिथल्या हायड्रंटला बसायचंच नाही. समोर आग, हातात होज आणि पाणी नाही! तुला त्याचा अर्थ मी काय सांगणार. शेवटी ऑगस्ट १९४१ मध्ये सगळ्यांचं मिळून एकच दल केलं. १ एप्रिल १९४८ ला कारभार परत काउंट्यांकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांकडे, आणि मोठ्या शहरांकडे गेला. तारा मात्र बहुतेकांनी ठेवला, फक्त मधे आपापलं चिन्ह बसवलं.

तसाच एक मला गेल्या रविवारी मिळाला. इथे मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं जुनं सामान विकतात. एका आजींकडे बिस्किटांच्या डब्यात बटणं आणि चाव्यांच्या खाली होता. ताऱ्याच्या मधे तीन वाकड्या तलवारी, पात्यांना खाचा. मिडलसेक्स! लॉर्ड्सवर खेळणाऱ्या त्यांच्या संघाच्या चिन्हातल्या त्याच तलवारी. मी पंधरा वर्षं राहतोय ते हॅरो मिडलसेक्समध्येच होतं. १ एप्रिल १९६५ ला ती काउंटी गेली आणि तिचं दल लंडन फायर ब्रिगेडमध्ये विलीन झालं.

भिंगाखाली धरला तर खाचा जवळजवळ पुसल्या गेल्यात. कुणीतरी वर्षानुवर्षं ड्यूटीवर जाण्याआधी तो घासलाय. नकली बॅजवर सहसा ही झीज नसते. मी आधी पाठ बघतो, मग पुढची बाजू. राजमुकुट असला तर काळही कळतो: राजाच्या वेळचा मुकुट वर घुमटासारखा, एलिझाबेथ राणीच्या वेळचा मधे खचलेला.

अ‍ॅम्ब्युलन्सचे माझ्याकडे दोनच आहेत. ५ जुलै १९४८ पासून रुग्णवाहिका काउंट्यांनी चालवल्या आणि १९६५ मध्ये नऊ सेवा मिळून लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिस झाली. त्यातला पितळी बॅज मी सुरुवातीला आईसारखा चिंचेने लख्ख घासला. इतक्या वर्षांचा चढलेला रंग पाच मिनिटांत गेला. अजून तो हातात घेतला की जीव हळहळतो.

आता एक काम. काकांच्या टोपीवरचा बॅज कपाटात आहे ना? त्याला काही लावू नकोस, कोरड्या फडक्यानेसुद्धा घासू नकोस. खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून दोन फोटो काढ, पाठीचा आधी. आणि काकांना विचार, टोपी डोक्यावर ठेवण्याआधी ते बॅजवरून अंगठा फिरवायचे का? माझ्या मिडलसेक्सच्या बॅजची एकच बाजू जास्त झिजलीय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद