मनाच्या तक्रारी आणि शरीराची तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या मानसिक आरोग्य पुरवणीत नैराश्य, चिंता, भास अशा विषयांवर सातत्याने लेख येत आहेत. या आजारांविषयी लोक आता मोकळेपणाने बोलू लागले, याचा मला फार आनंद आहे. मात्र या लेखांमधून एक गोष्ट हटकून राहून जाते. मनाच्या तक्रारी पहिल्यांदाच सुरू झालेल्या माणसाचे शरीरही नीट तपासले पाहिजे, आणि ते सुरुवातीलाच. उदासी, धडधड, संशय, कुणी नसताना ऐकू येणारे आवाज ही सगळी लक्षणे झाली. ती कशामुळे आली, हे नुसत्या लक्षणांवरून कुणालाच सांगता येत नाही.

मी मेडिकल वॉर्डात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. सकाळी नीट बोलायच्या, नातवंडांची चौकशी करायच्या. अंधार पडला की चादरीवरून काहीतरी वेचत बसायच्या आणि कधीच वारलेल्या भावाशी बोलायच्या. डोक्यावर परिणाम झाला, असे घरच्यांनी धरूनच चालले होते. दाखल होण्याआधी कुणीतरी झोपेची गोळी दिली होती, तिने गोंधळ आणखी वाढला होता. रक्त तपासले तर सोडियम खूप कमी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी नवी गोळी नुकतीच सुरू झाली होती, तिचा हा परिणाम. गोळी बंद केली आणि सोडियम हळूहळू वर आणले. ते घाईने वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी रक्त पाठवावे लागे. काही दिवसांनी आजी स्वच्छ शुद्धीवर आल्या आणि आपला चष्मा कुठे ठेवलाय म्हणून आमच्यावर रागावल्या.

याला डेलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारा आणि दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ ही त्याची खूण. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे वाढत जातो. त्यामुळे परवापर्यंत घरचा हिशेब पाहणारा माणूस आज मुलाला ओळखत नसेल, तर वयावर बोट ठेवून गप्प बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, नवे औषध, एवढेही कारण वृद्धांना पुरते. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. जो नुसता गप्प पडून राहतो, जेवत नाही, त्याला ‘खचलाय बिचारा’ म्हणून सोडून दिले जाते, आणि डेलिरियमच्या या शांत प्रकाराची मला जास्त धास्ती वाटते.

थायरॉईडचे नाव आता घरोघरी माहीत आहे, पण त्याचा मनाशी असलेला संबंध अजून पुरेसा माहीत नाही. ग्रंथी मंदावली की माणूस सुस्त आणि उदास होतो, त्याचा विचार करण्याचा वेगही कमी होतो. ती जास्त काम करू लागली की धडधड, हात थरथरणे, चिडचिड, झोप उडणे. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ मध्ये मंद थायरॉईडमुळे वेडाची लक्षणे आलेल्या १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. थायरॉईडचे औषध सुरू केल्यावर त्यांतले अनेक जण बरे झाले. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी मनाच्या तक्रारी येऊ शकतात. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणजे ब-१२ ठीक असणार, असे समजले जाते. पण १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कमतरतेमुळे मज्जासंस्थेच्या किंवा मनाच्या तक्रारी असलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांमध्ये रक्तक्षयही नव्हता आणि लाल पेशींचा आकारही वाढलेला नव्हता, म्हणजे या कमतरतेच्या नेहमीच्या खुणाच नव्हत्या. मांसाहार, अंडी, दूध यांपैकी काहीच न घेणारे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि जठराची शस्त्रक्रिया झालेले लोक यांनी हे लक्षात ठेवावे.

माझ्या मनाला सर्वात जास्त चटका लावणारा आजार मात्र वेगळाच आहे. एखादी विशीतली मुलगी. थोडा ताप, डोकेदुखी, मग झोप उडते, संशय येऊ लागतो, असंबद्ध बोलणे सुरू होते. मानसोपचाराची औषधे सुरू होतात आणि ती सुधारण्याऐवजी ताठरते, बोलणे बंद होते, तोंडाच्या विचित्र हालचाली आणि झटके सुरू होतात. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए रिसेप्टर नावाची, संदेश स्वीकारणारी प्रथिने असतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, त्यातून हे होते. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या आजाराचा उलगडा केला. त्या पहिल्या गटात १२ स्त्रिया होत्या आणि बहुतेकींच्या बीजांडकोशात गाठ सापडली होती. एमआरआय पुष्कळदा स्वच्छ येतो, पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रतिपिंडे शोधावी लागतात. उपचार आहेत: स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे), रक्तद्रव बदलणे, गाठ असल्यास ती काढणे. ५७७ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत सुमारे ८० टक्के रुग्ण चांगले सुधारलेले दिसले. लवकर उपचार मिळालेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण ज्या घरातली मुलगी आहे, त्या घराला दुर्मीळ या शब्दाचा काय उपयोग?

एकेकाळी वेड्यांच्या इस्पितळांतल्या कितीतरी खाटा सिफिलिस मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांनी भरलेल्या असत. त्यांच्या मेंदूत या रोगाचे जंतू १९१३ मध्ये दिसले आणि पुढे पेनिसिलीन आल्यावर त्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या.

आता सावधगिरीची बाजू, कारण माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघू नये. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुतेकांमध्ये असे एखादे बोट ठेवण्याजोगे शारीरिक कारण सापडत नाही. सापडले नाही म्हणून त्यांचा त्रास खोटा ठरत नाही, आणि चालू असलेली औषधे हा मजकूर वाचून कुणीही परस्पर बंद करू नयेत. चांगले मानसोपचारतज्ज्ञ ही चौकशी स्वतःहून करतातच. कुठलेही निदान पक्के करण्याआधी शारीरिक आजार आणि औषधांचा वा नशेचा परिणाम वगळायचा, हा त्यांच्या शास्त्राचा नियमच आहे. अडचण येते ती गर्दीच्या ओपीडीत आणि अपुऱ्या माहितीमुळे.

ती माहिती घरच्यांनी द्यायची असते. रुग्णाला नेताना सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत, डोळ्यांतले थेंब आणि जडीबुटीसुद्धा. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण त्याने माणूस अतिउत्साही, उदास किंवा भ्रमिष्टही होऊ शकतो. दारू अचानक सुटली असेल तर ते सांगायला लाजू नये, कारण दोन-तीन दिवसांनी दिसू लागणारे किडे-माकोडे त्यामुळेच असू शकतात आणि उपचार न झाल्यास ते जिवावर बेतते. पहिले भास चाळिशीनंतर सुरू झाले असतील, आवाजांपेक्षा दृश्येच जास्त दिसत असतील, ताप, झटके, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, तोल जाणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: यामागे शरीराचे काही कारण असेल का?

आणि ज्यांच्या केसपेपरवर मनाच्या आजाराचे नाव आधीच लिहिलेले आहे, त्यांच्या बाबतीत हे अधिकच गरजेचे आहे. अशा रुग्णाने छातीत दुखते म्हटले की ‘टेन्शन असेल’ असे उत्तर मिळताना मी ऐकले आहे. त्यांनाही हृदयविकार होतो, मधुमेह होतो, थायरॉईड होतो.

आपल्या पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात वाचकांना सल्ला देण्यापूर्वी दोन प्रश्न नेहमी विचारले जावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी अंगाला हात लावून तपासले का, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत?

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका