सेल काढा, मग कुलूप लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघाला, की आमच्याकडचा जत्रांचा एक हंगाम उरकत येतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तो वेगळा. पण बऱ्याच गावांना मोठी गर्दी पुन्हा दिसते ती चैत्र-वैशाखातच. धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा, मग आमच्या अमळनेरला बोरीकाठी सखाराम महाराजांची. मधल्या थंडीत देवस्थानं आणि उत्सव मंडळं आपले मेटल डिटेक्टर कुठं आणि कसे ठेवतात, हा काही पेपरात लिहायचा विषय नाही, असं कुणालाही वाटेल. पण माझं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि चैत्र लागला की ही यंत्रं पिशवीतून माझ्या टेबलावर येतात. 'भाऊ, हाई मशीन बोलतंच नही!' वापरून बिघडलेलं यंत्र माझ्याकडे क्वचित येतं. येतात ती ठेवून बिघडलेली.

हातात धरायच्या यंत्राचं मागचं झाकण उघडलं की दुखणं दिसतं. स्प्रिंगवर पांढऱ्या खपल्या, तांब्याच्या तारेवर हिरवट पूड, सेल फुगून खाचेत असा अडकलेला की पेचकसानं उचकावा लागतो. लाल वायरीला बोट लावलं की ती तुटून हातात येते. नवरात्र संपलं तेव्हा यंत्र चालू होतं, म्हणून तसंच खोक्यात टाकलं, एवढंच घडलेलं असतं. साध्या, स्वस्त सेलचं जस्ताचं डबडं हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. वीज निघते ती ते जस्त खाऊनच. सेल संपत आला की डबड्याला भोकं पडतात आणि आतलं रसायन बाहेर येतं. बटण बंद असलं म्हणून सेल गळायचा थांबत नाही. महागडा अल्कलाइन सेलही गळतो, फक्त त्याचं रसायन क्षाराचं. म्हणून त्याच्या खपल्यांवर काडीला कापूस गुंडाळून लिंबाचा रस लावावा, आणि साध्या सेलच्या गळतीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्ही अगदी थोडं, आणि नंतर पूर्ण कोरडं करून. पण ही वेळ येऊच नये. शेवटची आरती झाली की सेल बाहेर काढायचे आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहायचं : 'सेल काढले आहेत.' हे लिहिलं नाही तर पुढचा माणूस रिकामं यंत्र घेऊन माझ्याकडेच येतो. मग मी त्याला चहा पाजतो, दुसरं काय करणार!

दारासारख्या उभ्या चौकटीचं वेगळं. वीज गेली तर ती चालावी म्हणून बऱ्याच चौकटींना बारा व्होल्टची सीलबंद बॅटरी जोडलेली असते. ती शिशाची असल्यामुळे पूर्ण भरून ठेवावी लागते आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी लागते. मीटरवर १२.४ च्या खाली दिसली तर तेवढंही थांबू नये. अर्धवट उतरलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि मग चार्जर लावून उपयोग नाही. नव्या हातयंत्रांत लिथियमची बॅटरी असते, तिचा हिशेब बरोब्बर उलटा. ती पूर्ण भरूनही ठेवू नये, पूर्ण उतरूनही नाही. निम्मी भरलेली बरी. मंडळात हे सांगितलं की लोक हसतात. दोन बॅटऱ्या, दोन तऱ्हा. पण आहे ते असं आहे.

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत तारेची वेटोळी असतात. त्यावर मांडवाचे बांबू रचले आणि फळी वाकली, की यंत्र एकतर सतत कोकलतं नाहीतर मुकं होतं. फळ्या लाकडी पाटावर सरळ ठेवाव्यात, वायरीला घट्ट पीळ देऊ नये. गुलाल आणि भंडारा आवाजाच्या जाळीत जाऊन बसतो, तो कोरड्या ब्रशनं झाडावा. ओलं फडकं किंवा थिनर नको. आणि कृपा करून युरियाच्या गोण्यांशेजारी ही यंत्रं ठेवू नका. युरिया ओल धरतो आणि शेजारचं लोखंड गंजतं. कापूस घरात भरायचे हेच दिवस, म्हणजे उंदरांची चैन. वायरीवरचं रबर त्यांना भारी आवडतं. पत्र्याचा बंद डबा लागतोच.

थंडीनं यंत्र मरतं, हा समज मात्र काढून टाकावा. आमच्याकडे पौषात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, त्यानं काही होत नाही. पत्र्याच्या खोलीत पहाटे दव धरतं आणि दुपारी तापतं, ते वाईट. त्याहून वाईट उन्हाळा. मार्च लागायच्या आत यंत्र पत्र्याखालून हलवून पक्क्या भिंतीच्या खोलीत आणावं. आमचा मे महिना काय असतो ते भुसावळकरांना सांगायला नको, आणि बॅटरीला ती भट्टी सोसत नाही.

जाता जाता एक गोष्ट. थंडीत शेतं मोकळी व्हायला लागली की काही मंडळी हळूच विचारतात, 'ह्या मशीननं जमिनीतलं सोनं सापडेल का?' हातातलं यंत्र अंगावरचा चाकू शोधायला बनवलेलं आहे, वावरातला हंडा नव्हे. आणि खरंच काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. देवस्थानाचं यंत्र त्या नादी उसनं देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

खरी अडचण पैशाची नाही. पावती फाडताना सगळे असतात, किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. एका देवस्थानात मागच्या यात्रेत मी स्वतः पाहिलं, दारावरचा पोरगा बंद पडलेलं यंत्र भाविकांच्या अंगावरून नुसतं फिरवत होता, आरती ओवाळावी तसं. गर्दी पुढं सरकत होती आणि सगळ्यांना बंदोबस्त चोख वाटत होता. असं फिरवण्यापेक्षा यंत्र नसलेलं बरं, निदान पोलिसांना तरी कळतं की इथं हातानंच झडती घ्यायची आहे.

म्हणून विनंती अशी, की आपल्या वृत्तपत्रानं कार्तिकी एकादशीनंतरच्या आठवड्यात एवढी चौकट छापावी : सेल काढा, बॅटरी चार्ज करा, एका माणसाचं नाव वहीत लिहा; आणि यात्रेच्या महिनाभर आधी किल्ली, कडं, बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण असं काहीबाही धरून यंत्र बोलतं का ते बघा. सेल काढून, यंत्र झाडून द्यायचे मी पैसे घेत नाही. यात्रेच्या आदल्या रात्री आणलं तर मात्र घेईन, आणि यंत्रही पुढच्या आठवड्यातच परत देईन.

आपला,
एक दुरुस्तीवाला
अमळनेर (जि. जळगाव)