सालदारांचे रक्त आखाजीलाच तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपाशीवर फवारण्या जोरात असताना कुठे तरी शिबिर भरते, फवारणी करणाऱ्यांचे रक्त काढून कोलिनेस्टेरेज (नसांच्या कामाला लागणारे एक एन्झाइम) तपासले जाते, कागदावर 'नॉर्मल' येते आणि माणूस पुन्हा पंप पाठीवर घेतो. त्या नॉर्मलवर विसंबू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशक औषधे हे एन्झाइम बंद पाडतात, म्हणून ते मोजायचे. पण त्याची मूळ पातळीच माणसागणिक वेगळी. सीरममधल्या, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातल्या, कोलिनेस्टेरेजची नॉर्मल मर्यादा साधारण 5,000 ते 12,000 युनिट धरतात. समजा, एखाद्या सालदाराची (सालाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराची) मूळ पातळी 11,000 आहे आणि ऑगस्टमध्ये 6,000 भरली. रिपोर्ट नॉर्मलच म्हणणार. प्रत्यक्षात त्याचे जवळपास निम्मे एन्झाइम गेले. उलट, जन्मतःच 5,000 च्या आसपास असलेल्या धडधाकट माणसाला उगाच विषबाधेचा शिक्का बसतो.

तेव्हा तुलना ज्याची त्याच्याशीच करायची आणि मूळ पातळी हंगामाआधी घ्यायची. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते, तोच मुहूर्त धरावा. कपाशीच्या मागच्या फवारण्या संपून महिने झालेले असतात, नवी लागवड व्हायची असते. अट एकच, आधीचे 30 दिवस औषधाशी संबंध नको. 'पंप धरला का?' एवढेच विचारून भागत नाही. केळीबागेत किंवा भाजीपाल्यावर औषध कालवून देणाराही यात आला. 3 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन सरासरी काढावी.

कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी तपासणी चालते. तिथले आकडे सोपे आहेत. मूळ पातळीपेक्षा 20 टक्के घट दिसली की कामाची पद्धत तपासायची. हे एन्झाइम तांबड्या पेशींतही असते; तिथले मूळच्या 70 टक्क्यांवर किंवा सीरममधले 60 टक्क्यांवर आले की फवारणी बंद, दोन्ही 80 टक्क्यांवर परतेपर्यंत. वरच्या सालदाराची पातळी 54 टक्क्यांवर आहे, म्हणजे त्याने शेतात जायलाच नको. सीरमची पातळी लवकर भरून येते. तांबड्या पेशींचे आयुष्य 120 दिवसांचे, त्यामुळे तिथली भर आठवडेच्या आठवडे घेते.

चुका होतात त्या नमुना घेतानाच. शेतातून आलेल्याचा हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. कातडीवरचे औषध सुईबरोबर नमुन्यात गेले तर पातळी खोटी उतरते. बोट टोचून घेतलेल्या रक्तात हा धोका सर्वांत जास्त. तांबड्या पेशींतल्या एन्झाइमसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त साकळू न देणारी) नळी घ्यावी. साखरेची राखाडी नळी चालत नाही, तिच्यातले फ्लोराइडच हे एन्झाइम रोखते. नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची, पण आतल्या रक्ताचा बर्फ होऊ द्यायचा नाही. पेशी फुटल्या की त्यांतले एन्झाइम बाहेर येऊन सीरमचा आकडा फुगतो. सातपुड्यातल्या धडगावहून मे महिन्यात नमुना आणायचा तर हा डबा हवाच. आणि दरवेळी प्रयोगशाळा तीच, पद्धत तीच. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी जास्त आणि त्यांच्यात हे एन्झाइमही जास्त. म्हणून आकडा दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे लिहावा आणि सिकलसेलची नोंद शेजारीच करावी. यकृताचा आजार, गरोदरपण, कुपोषण यांत सीरमची पातळी मुळातच उतरते, तेही विचारावे.

लघवीत औषधाचे अवशेष सापडतात खरे, पण ते दोन-चार दिवसांत निघून जातात, आणि भाजीवरच्या अंशामुळेही दिसतात. उन्हात पाणी किती प्यायले यावर लघवी पातळ की घट्ट हे ठरते, म्हणून तो फरक काढून टाकायला लघवीतले क्रिएटिनिन मोजावेच लागते. पाहणीसाठी हे ठीक. कामावरून कुणाला थांबवायचे, हे त्यावरून ठरवू नये.

आणखी एक. इमिडाक्लोप्रिड किंवा पायरेथ्रॉइड ही दुसऱ्या गटांतली कीटकनाशके फवारली असतील तर कोलिनेस्टेरेज हलतही नाही. कार्बामेट गटातल्या औषधांचा परिणाम तर नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नळीतच ओसरतो. म्हणून काय फवारले ते डब्यावरून उतरवून घ्या. 'पांढरं औषध' एवढ्यावर डॉक्टर काही करू शकत नाही.

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची तपासणी तिथे नियमित व्हावी. मूळ पातळी, तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव लिहिलेले कार्ड मात्र सालदाराकडेच द्यावे. पुढच्या आखाजीला तो दुसऱ्याच्या शेतावर लागला तरी त्याचा आकडा त्याच्यासोबत असेल.

आपले,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. जळगाव