तासाचं मीटर टॅक्सीला का नको?

महोदय,

गेल्या महिन्यात एक मास्तर गॅरेजवर आले. सेकंडहँड सेडान, पांढरी पाटी, आतून चकाचक. तक्रार एकच : हायवेला गाडी ऐंशीच्या पुढे हलत नाही. "मिस्त्री, इंजिन उतरवायला लागतंय काय?" मी डिकीकडे गेलो, तर बॅज उचकटल्याचे गोंदाचे डाग. गाडी टी परमिटची, म्हणजे आधी टॅक्सी म्हणून चाललेली. टॅक्सीला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम, लागतो. पाटी बदलली, कागद बदलले, कॉम्प्युटरमधले ८० तसेच राहिले.

टॅक्सीसाठीची गाडी वेगळी बनते हे लोकांना माहीतच नसतं. मारुतीने २०१७ ला नवी डिझायर आणली, तेव्हा जुन्या आकाराची गाडी 'टूर' म्हणून चालूच ठेवली. वॅगन आरची टूर एच-३ आहे, अर्टिगाची टूर एम. इंजिन घरच्या गाडीचंच. अलॉय व्हील वगैरे चैन गाळून किंमत खाली आणलेली. आपल्याकडे धंद्याची गाडी म्हणजे घरच्या गाडीतून काहीतरी वजा केलेली.

अमेरिकेत पोलिसांच्या गाडीचा हिशोब उलटा. माझा भाचा डेट्रॉइटला असतो, त्याने फोर्ड एक्सप्लोररच्या पोलीस मॉडेलचे फोटो पाठवले होते. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, कारण मध्ये लॅपटॉप आणि वायरलेस बसवायचा. सीटच्या कडा कोरलेल्या, कमरेचं पिस्तूल रुतू नये म्हणून. इंजिन थंड ठेवायची व्यवस्था दांडगी. मला आवडलं ते मात्र एक साधं मीटर : गाडी उभी असताना इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं. एक तास उभ्याने चाललेलं इंजिन म्हणजे ३३ मैल, आपले साधारण ५३ किलोमीटर, धावल्याइतकं झिजलं, असा कंपनीचाच हिशोब आहे.

यात आपल्याला नवीन काय? ट्रॅक्टरला तासाचं मीटर असतंच. २५० तास झाले की ऑइल बदला, हे शेतकऱ्याला तोंडपाठ. जेसीबीचं भाडंही तासावर. मग महालक्ष्मीच्या पार्किंगला एसी लावून दोन-दोन तास उभी राहणारी टुरिस्ट गाडी फक्त किलोमीटरवर का मोजायची? नाकाबंदीला दिवा आणि वायरलेस चालू ठेवून रात्रभर धडधडणारी पोलिसांची बोलेरो तरी का? सत्तावीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही टॅक्सीत तसलं मीटर मी पाहिलं नाही.

परिवहन खात्याने परमिटच्या आणि सरकारी गाड्यांना ते सक्तीचं करावं. गाडी विकताना किलोमीटरशेजारी तासही कागदावर यावेत. पाच-पन्नास हजार वाचवायला निघालेला नोकरदार त्यामुळे डोळे उघडे ठेवून सौदा करील.

मास्तरांच्या गाडीच्या मीटरवर ६२ हजार होते. बॉनेट उघडून स्टार्टर मारला, तर इंजिनातली टायमिंग चेन झिजून खुळखुळ्यासारखी वाजत होती.

— एक मिस्त्री, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर