झोपही अभ्यासाच्या वेळापत्रकात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर आल्या की ‘ताण घेऊ नका, भरपूर झोपा’ हा सल्ला जो तो देतो. मुले मान डोलावतात आणि रात्री दोनपर्यंत जागतात. त्यांना तरी काय बोलणार? झोप आणायची कशी आणि राहिलेल्या धड्यांचे करायचे काय, हे कोणी सांगतच नाही.

नेहमी होते ते असे. महिनाभर रात्री दोनला झोपून सकाळी नऊला उठायची सवय जडलेली असते आणि पेपर असतो सकाळचा. मग आदल्या रात्री दहालाच दिवा घालवतात. शरीराचे घड्याळ अजून दोनवरच असल्याने डोळा लागत नाही. कूस बदलता बदलता ‘झोप झाली नाही तर उद्या काही आठवणार नाही’ ही धास्ती बसते आणि होती नव्हती तेवढी झोपही उडते. हे घड्याळ एका रात्रीत सरकत नाही. नऊचा गजर साडेसहावर आणायचा तर रोज 15 ते 20 मिनिटे अलीकडे घेत आठ-दहा दिवस लागतात. आधी उठण्याची वेळ बदलावी. झोपण्याची वेळ तिच्यामागून येते. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढावा. सुट्टीच्या दिवशी गजर बंद केला, की केलेल्या कामावर पाणी.

यात मोडता घालते ती संध्याकाळची कॉफी. कॅफीनमुळे थकवा जात नाही, तो मेंदूला कळेनासा होतो, एवढेच. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाला घेतलेल्या कपातले अर्धे अकरालाही अंगात असते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात, आणि एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या डब्यात बहुधा 75 ते 80 मिलिग्रॅम असते. पण ऐन परीक्षेत कॉफी एकदम तोडू नये. सवयीच्या माणसाचे डोके 12 ते 24 तासांत दुखू लागते, आणि ते नेमके पेपरच्या वेळी. दुपारी दोननंतर घ्यायची नाही, एवढे पुरे.

झोपेला वेळ काढायचा कुठून? पुन्हा पुन्हा वाचण्यातून. तेच पान चौथ्यांदा वाचले की ते ओळखीचे वाटते आणि मुले त्यालाच ‘येते’ समजतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिले होते. तेव्हा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर पाच-सात मिनिटे आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. दुसऱ्या दिवशी फक्त लाल तेवढे बघायचे. सुरुवातीला हे जड जाते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. तिथेच बरेच जण सोडून देतात.

आदल्या रात्री नवा धडा उघडू नये. प्रवेशपत्र आणि दोन वापरातली पेने (कोरे पेन ऐनवेळी दगा देते) आधीच भरून ठेवावीत. फोन दुसऱ्या खोलीत; म्हणजे गजराचे घड्याळ वेगळे हवे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात अभ्यासाबाहेरचे काहीतरी वाचावे. तरीही रात्र वाईट गेलीच, तर एका रात्रीने वर्ष बुडत नाही.

पेपर हातात पडताच डोके कोरे झाले, तर चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे आठ-दहा वेळा करावे. दीड मिनिट जाते, पण हृदयाचे ठोके खाली येतात. दोन पेपरांमध्ये डुलकी घ्यायची तर 20 मिनिटांचीच; तासाभराने गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ डोके जड राहते.

दोन-दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे उपाय पुरे पडणार नाहीत. त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठावा.

आता वेळापत्रके आखणाऱ्यांना एक विनंती. आज सकाळी आठचा पेपर, परवा दुपारी तीनचा, पुन्हा सकाळी आठचा, अशी फिरती आखणी मुलांनी दहा दिवस खपून बसवलेले घड्याळ दोन दिवसांत बिघडवते. एका वर्गाचे सगळे पेपर दिवसाच्या एकाच वेळेला ठेवावेत. त्याला जादा पैसा लागत नाही.

आपले,
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशक