हिरवी भिंत राहू द्या, ड्राय बाल्कनी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरांविषयीच्या पुरवणीत हल्ली दर तिसरा टॉवर ‘ग्रीन’ असतो. चित्रात वेलींनी झाकलेली भिंत, गच्चीवर हिरवळ. मी पुण्यात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे आणि शहराच्या पश्चिमेला अशाच एका बावीस मजली इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, चार मित्रांसोबत भाड्याने राहतो. पुढच्या वर्षी घर बदलायचं तर काय बघायचं, यावर परवा आमची चर्चा झाली. वेलींचं नाव एकानेही काढलं नाही.

पहिली मागणी कपडे वाळण्याची निघाली. आमची ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरामागची कपडे वाळवायची छोटी बाल्कनी, घरमालकांनी काच लावून स्वयंपाकघरात घेतली आहे. पुढच्या बाल्कनीत दोरी बांधली की इमारतीची शोभा जाते, म्हणून सोसायटीची मनाई. जुलैमध्ये पाच जणांच्या जीन्स रात्रभर पंख्याखाली असतात. वाऱ्याने फुकट होणारं काम आम्ही विजेवर करतो, तेही ‘ग्रीन’ इमारतीत.

दुसरी मागणी वाऱ्याची. माझ्या खोलीची एकुलती एक खिडकी डक्टकडे, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद बोळाकडे, तोंड करून आहे, आणि सरकती असल्याने ती अर्धीच उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्येच आली. मुंबईसारख्या दमट हवेत खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या जमिनीच्या निदान एक षष्ठांश, म्हणजे १६.६६ टक्के असावा, असं ती सांगते. हा आकडा मला एकाही जाहिरातीत दिसलेला नाही. स्विमिंग पूलची लांबी मात्र दिसते.

सोलरचं तर विचारूच नका. आमच्या इमारतीतल्या ८८ फ्लॅटना प्रत्येकी १०० लिटर गरम पाणी द्यायचं, तर फ्लॅटमागे साधारण दोन चौरस मीटरचे पॅनेल लागतात. त्यात त्यांची सावली एकमेकांवर पडू द्यायची नाही, शिवाय टाक्या आणि लिफ्टची खोलीही तिथेच. उंच इमारतीची गच्ची त्याला पुरणार कशी? म्हणून घरातल्या एकाच नळाला गरम पाणी, तेही सकाळी सहा ते आठ. आम्ही उठतो नऊला (हा दोष सोलरचा नाही, कबूल). पण लवकर उठणाराही नळीत रात्रभर गार झालेलं बादलीभर पाणी आधी सोडून देतो.

आणि पाणी तर टँकरचं. माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात, त्यातले ४५ लिटर संडासाच्या फ्लशला. घरटी पाच माणसं धरली तर आमच्या इमारतीत रोज १९,८०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर जवळपास दोन, नुसते फ्लशमधून जातात. खाली सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, म्हणजे एसटीपी, आहे. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणायला वेगळी पाइपलाइनही टाकलेली आहे. ते पाणी बागेला जातं आणि उरलेलं गटारात, कारण वास येतो अशी तक्रार झाल्यावर नीट चालवण्याऐवजी पाइपलाइनच बंद केली.

सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी पुणे महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. ती मालकाच्या पदरात पडते, भाडं काही उतरत नाही. निदान अकरा महिन्यांच्या कराराला एक कागद जोडणं सक्तीचं करावं: गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले, एसटीपीचं पाणी फ्लशला येतं का, सोलर किती वाजेपर्यंत, कपडे कुठे वाळवायचे. पालिकेनेही सूट देताना हाच कागद मागावा.

आमच्या घरमालकांना मी हे चारही प्रश्न विचारले. “बॅचलर मुलांना एवढ्या चौकशा कशाला?” असं ते म्हणाले.

आपला,
एक भाडेकरू विद्यार्थी, पुणे