नागपूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र : अंगणवाडी दुपारी बंद होते, आईचे काम संध्याकाळी सुटते

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, यांस

विषय : शहरातील अंगणवाड्यांना जोडून दिवसभराची पाळणाघरे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात लहान मुलांसाठी योजना नाहीत, अशी आमची तक्रार नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे आणि पूरक आहारापासून लसीकरणापर्यंतच्या तिच्या सहा सेवा बऱ्याच अंशी वस्तीपर्यंत पोहोचतात. अडते ते घड्याळापाशी. अंगणवाडी चार-पाच तास चालते. ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, काम शोधणारी बाई सकाळी आठला घर सोडते, ती दिवेलागणीला परतते. मधल्या वेळेत दीड-दोन वर्षांचे मूल बहुधा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. म्हणजे एकाचे खाणे चुकते आणि दुसरीची शाळा. महिन्याच्या वजनात मूल वाढलेले दिसत नाही, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर त्याची नोंद कमी वजनाच्या रकान्यात जाते आणि आईला आहाराबद्दल समुपदेशन केले जाते. काय भरवायचे हे तिला माहीत असते. दुपारी ती घरी नसते, एवढेच.

हे पत्र महिला व बालविकास मंत्र्यांऐवजी आपल्याला लिहिण्याचे कारण आहे. सेविका त्या खात्याची, खोली महापालिकेची किंवा भाड्याची, मोकळी जागा नागपूर सुधार प्रन्यासची, बांधकाम मजुरांचा उपकर कामगार खात्याकडे आणि दुरुस्तीचा पैसा जिल्हा नियोजनात. या पाचही फायली एकत्र येतील असे जिल्ह्यात एकच टेबल आहे, ते आपले.

केंद्राची ‘पाळणा’ योजना यासाठीच आहे. मिशन शक्तीखाली देशभरात १७,००० अंगणवाडी-नि-पाळणाघरे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुले, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, आणि अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस सोडून पाळणाघराच्या वेगळ्या दोन बाया. आराखडा चांगला आहे, पण साडेसात तास कुठले, हे वस्तीने ठरवायला हवे. बेसा-बेलतरोडीकडच्या बांधकामावर काम नऊ ते सहा असते. धरमपेठ, रामदासपेठेत धुणीभांडी करणाऱ्या बाया सातला निघतात, दुपारी येतात आणि चारला पुन्हा जातात. कळमना बाजारात पहाटेपासून वर्दळ असते. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या आहेत. सगळीकडे साडेनऊ ते पाच अशी सरसकट वेळ लावली, तर पाळणाघर उघडते पण मुले येत नाहीत, आणि सहा महिन्यांनी ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून ते बंद होते.

वेळ वाढवायला तिसऱ्या माणसाची गरज नेहमीच पडत नाही. एक बाई आठ ते साडेतीन, दुसरी साडेदहा ते सहा, अशी लावली तर जेवणाच्या आणि झोपवण्याच्या वेळेला दोघी हजर राहतात. तेव्हाच हात जास्त लागतात. सकाळी पहिल्या अडीच तासांत अंगणवाडीची मदतनीस सोबत असते. कठीण वेळ संध्याकाळी चार ते सहाची : एकच बाई, थकलेली मुले, आणि घ्यायला येणारी माणसे एकामागून एक. प्रमाण तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि मोठ्या वीस मुलांमागे एक असे सांगितले जाते. तान्ह्या मुलांच्या बाबतीत ते फार सैल आहे. वर्षाखालची तीन-चार मुले एका बाईला दिवसभर पुरतात; त्यामुळे २५ पैकी तान्ही मुले चारच्या वर घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. या दोघींवर दुसरे कोणतेही काम लादू नये. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ मध्ये अंगणवाडी सेविकांनीच भरून दिले, एका अर्जाला ५० रुपये ठरवून. पाळणाघराची बाई अर्ज भरायला बसली, तर मुलांपाशी कोणीच उरत नाही.

आहाराचे गणित बदलावे लागेल. आजच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजे शिजवलेले मिळते आणि तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर. तो घरी गेला की घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. पाळणाघरातल्या लहान मुलासाठी तोच शिधा केंद्रातच शिजवायची मुभा द्यावी लागेल, नाहीतर दहा तास मूल केंद्रात आणि त्याचा आहार घरी, असे होते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये ठरवलेले ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हे घरच्या जेवणाला जोड म्हणून होते, पूर्ण दिवसाचे नव्हते. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला, असे तीनदा खाणे हवे. सर्वांत जास्त चुकते ती पातळ डाळ. दीड वर्षाच्या मुलाचे पोट ते केवढे. वरणाच्या पाण्यानेच ते भरते आणि मूल जेवले असे दिसते. खिचडी चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी आणि वाटीत एक चहाचा चमचा तेल वरून घालावे, त्यानेच सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात. जुलाब लागलेच तर ओआरएसचे मोठे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेले फेकून, आणि सोबत १४ दिवस झिंक. अर्धे पाकीट पेल्यात कालवण्याची सवय घातक आहे, प्रमाण बिघडते. लिटरची खूण केलेले भांडे प्रत्येक केंद्रात टांगलेले हवे.

आता खोली आणि उन्हाळा. मुंबई-पुण्याचा नमुना इथे जसाच्या तसा चालणार नाही तो यामुळेच. अंगणवाडीला ६०० चौरस फूट जागा अपेक्षित आहे. भाड्याच्या खोल्या त्याच्या निम्म्याही नसतात आणि अनेकींवर टिनाचे छप्पर असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी अंगणवाडी उरकून घेता येते, पण पाळणाघरातले मूल दुपारी एक ते चार त्याच टिनाखाली झोपणार. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या महापालिकेच्या शाळांच्या तळमजल्यावरच्या खोल्या याला सर्वांत योग्य. जाड भिंती, उंच छत, आवार, बहुतेक ठिकाणी झाडही. टिनाची खोलीच घ्यावी लागली, तर वरून पांढरा उष्णतारोधक रंग आणि खाली हवेला जागा ठेवून आतले छत, हे दोन्ही एकत्र करावे. नुसता रंग धुळीने एका हंगामात काळवंडतो.

कूलर तर लागणारच, आणि खरा धोका तिथेच आहे. लोखंडी कूलरला करंट उतरल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात; ओल्या फरशीवर रांगणारे मूल हात लावणार ते नेमके त्याच्या पत्र्याला. म्हणून फायबरच्या बॉडीचा कूलर, खिडकीबाहेर लोखंडी चौकटीवर बसवलेला, चांगले अर्थिंग, आणि वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला असलाच पाहिजे. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोली थंड होत नाही, नुसती दमट होते आणि मुलांच्या अंगावर घामोळे येते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर जूनमध्ये डेंग्यूचे डास तिथूनच निघतात. कूलरच्या ताट्या दर मोसमात बदलायच्या. हे सगळे केले आणि विजेचे बिल कोणाच्या नावे, हे ठरवले नाही, तर मीटर कापल्यावर कूलर शोभेलाच उरतो. महापालिकेच्या खोलीत बिल महापालिकेनेच भरावे, असा लेखी आदेश आधी हवा.

पाण्याचे आणखी एक. दोन-तीन इंच पाणी असलेल्या बादलीतही रांगते मूल बुडू शकते. मोरीला दार, टाक्यांना झाकण, स्वयंपाकघराच्या तोंडाशी अडीच फूट उंचीचे फाटक. आणि नाग नदीकाठची सखल खोली घेऊ नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीखालच्या वस्त्यांत पाणी किती वेगाने घुसले, हे शहराने पाहिले आहे.

पाळणाघर म्हणजे मुले कोंडून ठेवायची जागा होऊ नये. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लिहायची गरज नाही : केंद्राचा तीन वर्षांखालच्यांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहासाठी ‘आधारशिला’ २०२४ पासून उपलब्ध आहेत. पण अंगणवाडीच्या संचातले मणी आणि चिंचोके चार वर्षांच्या मुलीला मोजायला उत्तम, तर शेजारच्या वर्षाच्या बाळाच्या घशात अडकणारे. सव्वा इंच तोंडाच्या नळीतून जी वस्तू खाली जाते ती लहानांच्या हाताला लागता कामा नये. अशी नळी प्रत्येक केंद्रात ठेवावी आणि मोठ्यांचा संच लहाने झोपल्यावरच काढावा. दुसरी अडचण भाषेची. बांधकामावरची कितीतरी मुले छत्तीसगड आणि बालाघाटकडची असतात. दोन बायांपैकी एक तरी त्यांची बोली समजणारी, शक्यतो त्याच वस्तीतली, असावी. रडणाऱ्या मुलाला मराठी गाणे नंतर शिकवता येईल.

शिकवणारेही दूर नाहीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा युनिसेफ आणि बालविकास खात्याबरोबरचा ‘आरंभ’ कार्यक्रम तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठीच बेतलेला आहे. वाड्याची ‘क्वेस्ट’ संस्था अंगणवाडी सेविकांसोबत ‘पालवी’ चालवते. बांधकामावरच्या पाळणाघरांचा अनुभव दिल्लीच्या मोबाइल क्रेशेसकडे १९६९ पासूनचा आहे. आमची एकच अट : प्रशिक्षण तीन दिवस सभागृहात आणि मग वर्षभर काही नाही, असे नको. दर महिन्याला कोणीतरी केंद्रात येऊन अर्धा दिवस सोबत काम करावे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. जिल्हा नियोजनातील ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखण्याचा राज्याचा निर्णय आहेच. पण या निधीतून वस्तू घेणे सोपे आणि मानधन देणे अवघड. म्हणून मार्चअखेर खेळण्यांची आणि टीव्हीची खरेदी होते, बाईची नेमणूक होत नाही. आमची सूचना अशी की जिल्हा नियोजनाने खोली, वायरिंग, छत आणि शौचालय करावे, आणि मानधन ‘पाळणा’तून यावे. ‘पाळणा’चा हप्ता उशिरा येतो, तेव्हा तीन महिन्यांचे मानधन आगाऊ ठेवणारा फिरता निधी लागेल. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. त्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे एवढेच मागावे. पाट्या आणि उद्घाटने नकोत.

मालकांनाही सोडू नये. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा पन्नासपेक्षा जास्त स्त्री-मजूर असतील तिथेच पाळणाघर मागत होता, आणि जोडीने काम करणाऱ्यांत नाव नवऱ्याचेच लागे, त्यामुळे बायका हजेरीपटावर कधी पन्नास भरतच नसत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्त्री-पुरुष न बघता ५० कर्मचाऱ्यांचा आकडा आहे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आहे, आणि अनेक आस्थापनांनी मिळून किंवा महापालिकेचे सामाईक पाळणाघर वापरण्याचीही सोय आहे. बुटीबोरी आणि मिहान या औद्योगिक पट्ट्यांना हेच लागू करावे : जागा एक, वर्गणी सगळ्यांची. बांधकामांची जागा आधी कळण्याचा मार्गही तयार आहे. नकाशा मंजूर होताना एक टक्का उपकर भरला जातो. ती यादी दर महिन्याला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गेली, तर मजूर येण्याआधी तीन-चार महिने खोली शोधता येईल. आज ही यादी महापालिकेतून कामगार खात्याकडे जाते आणि तिथेच राहते.

पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्याला महापालिका आयुक्त, सुधार प्रन्यासचे सभापती, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि कामगार उपायुक्त यांना एकत्र बोलवावे. सुरुवात दहा केंद्रांपासून करावी, पण चार निरनिराळ्या वेळांच्या वस्त्यांत. खोल्यांची यादी आणि वायरिंगची अंदाजपत्रके डिसेंबरपर्यंत तयार झाली, तर कामे फेब्रुवारीत संपतील आणि मुले मार्चमध्ये आत येतील. एप्रिलमध्ये निविदा काढल्या, तर पहिला उन्हाळा वाया गेलाच म्हणून समजा.

आपले,
नागपुरातील बालशिक्षण आणि पाळणाघरांच्या कामातील कार्यकर्ते